निवडणं-टिपणं

आमच्या घरात रोज सकाळी दोन कोडी सुटतात. आई खिडकीशी बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवते आणि मी समोरच्या खुर्चीत, चहा निवेपर्यंत, मोबाइलवर वर्डल खेळतो. आई एकोणऐंशी वर्षांची आहे. तिच्याकडे बोटभर उरलेली पेन्सिल असते. खोडरबर तिला लागत नाही, कारण खात्री नसली की ती अक्षर इतकं फिकट लिहिते की पुढे त्यावरच दुसरं गडद गिरवता यावं. मला ही सोय नाही. माझ्या खेळात शब्द एकदा पाठवला की पाठवला. चूक रंगांसकट समोर उभी राहते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द, सगळ्या जगाला तोच, आणि तो ओळखायला सहा संधी. आपण कुठलाही खराखुरा पाच अक्षरी शब्द टाकायचा. अक्षर योग्य जागी पडलं तर घर हिरवं होतं, अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, आणि अक्षर शब्दात नाहीच तर राखाडी. त्या रंगांवरून पुढचा शब्द ठरवायचा. रात्री बाराला नवा शब्द येतो, आणि दिवसाला एकच. हावरटपणा करायला वाव नाही.

गेल्या महिन्यात भोरहून आंबेमोहोर आला. हल्ली पिशवीतला तांदूळ इतका साफ असतो की निवडायचं काम राहिलेलंच नाही, पण हा ओळखीच्या शेतकऱ्याकडचा, गोणीतला. आईने शब्दकोडं बाजूला ठेवलं आणि परातीत तांदूळ पसरून बसली. मी पहिला शब्द टाकला. पाचही घरं राखाडी झाली. एक अक्षर लागलं नाही.

"छे, पहिलाच डाव फुकट गेला," मी पुटपुटलो.

आईने मान वर केली नाही. परातीच्या कडेला जमलेल्या खड्यांकडे बोट करून म्हणाली, "फुकट कसा? पाच खडे निघाले की."

तिने ते सहज म्हटलं. माझा चहा मात्र त्या दिवशी निवून गेला. आपली भाषा बघा. निवडणं म्हणजे पसंत करून घेणं. आपण साडी निवडतो, आमदार निवडून देतो. पण तांदूळ निवडणारी बाई तांदळाच्या दाण्याला चिमटीत धरत नाही. तिची चिमूट जाते खड्याकडे, साळीकडे, एखाद्या किड्याकडे. उचलते ती नको असलेलं, आणि कामाचं नाव मात्र हवं असलेल्याचं. कोणी विचारलं, काय करतेस, तर 'खडे काढतेय' म्हणत नाही, 'तांदूळ निवडतेय' म्हणते. नको ते नीट काढलं की हवं ते उरतंच, वेगळं उचलावं लागत नाही, हे ज्यांनी हा शब्द रोजच्या कामात रुळवला त्यांना पक्कं ठाऊक असणार. वर्डलची सगळी युक्ती मला या एका क्रियापदात सापडली.

हा खेळ मुळात निवडण्यातूनच जन्मला आहे. जॉश वॉर्डल हा वेल्समध्ये वाढलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारा. त्याने २०१३ साली या खेळाचा एक कच्चा नमुना केला होता, पण मित्रांना त्यात फारशी गोडी वाटली नाही आणि त्याने तो बासनात गुंडाळला. पुढे करोनाच्या काळात तो आणि त्याची जोडीदार पलक शाह घरात अडकले आणि दोघांना वर्तमानपत्रातल्या शब्दखेळांचा नाद लागला. तेव्हा वॉर्डलने तो जुना नमुना तिच्यासाठी बाहेर काढला. अडचण एकच होती. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे बारा हजार, आणि त्यांतले कितीतरी कोणी आयुष्यात ऐकलेले नसतात. असा शब्द उत्तर म्हणून आला तर खेळणारा चिडणारच. मग पलकने ते सगळे शब्द एकेक करून डोळ्यांखालून घातले. हा ओळखीचा, हा अनोळखी, हा ऐकल्यासारखा वाटतो. निवडता निवडता उरले सुमारे अडीच हजार. ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सगळ्यांना खुला झाला. १ नोव्हेंबरला तो ९० जणांनी खेळला. २ जानेवारी २०२२ ला तीन लाखांहून जास्त लोकांनी. त्याच महिन्याच्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतला.

ही गोष्ट मी आईला सांगितली. बाकी सगळं सोडून तिने विचारलं, "ज्या पोरीने बारा हजार निवडले, तिचं नाव आहे का खेळावर?" मी सांगितलं, नाव त्याच्या आडनावावरून पडलंय, शब्द आणि वॉर्डल मिळून. आईने "वाटलंच" एवढंच म्हटलं आणि परात फिरवून घेतली.

आता परातीतला हिशेब सांगतो. मूळ यादीत उत्तरं होती २,३१५. म्हणजे परातीत २,३१५ दाणे, आणि आजचा दाणा एक. पहिला शब्द टाकला की पाच घरांना रंग मिळतात. प्रत्येक घराला तीन शक्यता, तेव्हा रंगांच्या मांडण्या होतात जास्तीत जास्त २४३. पहिला शब्द त्या २,३१५ दाण्यांचे असे लहानमोठे ढीग करतो, आणि आलेले रंग सांगतात की आपला दाणा कुठल्या ढिगात आहे. बाकीचे सगळे ढीग बाजूला सारायचे. चांगला पहिला शब्द कुठला? जो ढीग पुष्कळ करतो आणि एकही फार मोठा ठेवत नाही, तो. तो शब्द बरोबर निघतो की नाही याला काडीचं महत्त्व नाही.

मी रोज 'रेझ' या शब्दाने सुरुवात करतो. आर, ए, आय, एस, ई. या शब्दाचा सगळ्यात मोठा ढीग म्हणजे पाचही घरं राखाडी होण्याचा. तो किती मोठा? १६८ शब्दांचा. म्हणजे ज्याला मी 'फुकट गेला' म्हटलं त्या डावाने २,३१५ पैकी २,१४७ शब्द एका झटक्यात परातीबाहेर काढले होते. आणि हा त्या शब्दाचा सगळ्यात वाईट दिवस. एरवी सरासरी साठेक शब्द उरतात. क्लॉड शॅननने १९४८ साली माहिती मोजायचं गणित मांडलं. त्याचा गाभा हाच की एखाद्या उत्तराने आपला संभ्रम किती कमी झाला, तेवढी त्यातली माहिती. उत्तर 'हो' आलं की 'नाही' आलं, याचा त्या मापाशी संबंध नाही.

हे एकदा पटलं की बाकीच्या युक्त्या ओघाने येतात. यादीत सगळ्यात जास्त वेळा येणारी अक्षरं म्हणजे ई, ए, आर, ओ, टी, एल, आय, एस आणि एन, साधारण याच क्रमाने. पहिल्या दोन शब्दांत यांतली शक्य तेवढी तपासून घ्यावीत, एकही अक्षर दोनदा न वापरता. जे, क्यू, एक्स, झेड यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये.

पुष्कळ लोक 'अड्यू' या शब्दाने सुरू करतात, कारण त्यात एका झटक्यात चार स्वर तपासून होतात. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्याच सांगण्यानुसार हा सर्वांत लोकप्रिय पहिला शब्द आहे, पण फारसा कामाचा नाही. त्याचं कारण मराठी माणसाला लगेच कळेल. शब्दात कुठेतरी काना आहे असं आईला सांगितलं तर ती म्हणेल, बरं मग? पण शब्दात 'ळ' आहे म्हटलं की ती पेन्सिल उचलते. स्वर जवळजवळ सगळ्याच शब्दांत असतात. शब्दाची ओळख पटते ती व्यंजनांनी.

जागांचंही थोडं शास्त्र आहे. यादीतले साडेतीनशेहून अधिक शब्द एसने सुरू होतात, पण शेवटी एस क्वचितच येतो, कारण नुसता एस जोडून केलेली अनेकवचनं उत्तरांत घेतलेली नाहीत. शेवटी ई किंवा वाय येण्याची शक्यता बरीच. तिसऱ्या-चौथ्या डावाला अडल्यासारखं वाटलं तर आठवावं की एकच अक्षर दोनदाही येऊ शकतं. हिरवं घर 'मी इथे आहे' एवढंच सांगतं, 'मी एकटाच आहे' असं सांगत नाही. शंका असेल तर अक्षर दोनदा टाकून बघावं. एक रंगलं आणि दुसरं राखाडी झालं, तर ते एकदाच आहे हे पक्कं. आणि स्पेलिंग अमेरिकन असतात हे विसरू नये. २०२२ च्या सुरुवातीला 'फेव्हर' आणि 'ह्यूमर' हे दोन शब्द महिन्याच्या अंतराने आले, दोन्ही यू गाळलेले, आणि इंग्लंडात लोक भलतेच वैतागले. शाळेत तो यू विसरल्याबद्दल छडी खाल्लेल्या माझ्या पिढीने त्यांच्या बाजूने दोन अश्रू ढाळले.

एकदा मी आईला विचारलं, मराठीत हा खेळ केला तर? तिच्या शब्दकोड्यात 'पुस्तक' तीन घरांत बसतं, पु, स्त आणि क. इंग्रजीत सव्वीस अक्षरांत काम भागतं. आपल्याकडे प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, वर जोडाक्षरं. मी 'कि' लिहिलं आणि उत्तरात 'की' असेल, तर त्या घराला रंग कुठला द्यायचा? हिरवा म्हणावं तर चूक, राखाडी म्हणावं तर अन्याय. आई म्हणाली, "अर्धं घर रंगव. मास्तर अर्धा मार्क द्यायचेच की." या अर्ध्या घराचा विचार मी अजून करतो आहे.

राखाडीची भीती गेल्यावर मला वाटलं, आता आपल्याला खेळ आला. पण खरा घात राखाडीने होत नाही. तो हिरव्याने होतो, हे मला माझ्या लेकीने शिकवलं.

लेक अमेरिकेत, बफेलोला शिकते. आमच्याकडे नवा शब्द आधी येतो. मी आजचा सोडवतो तेव्हा तिच्या हातात अजून कालचाच असतो, म्हणून आम्ही एकमेकांना अक्षर कळू देत नाही. रंगीत चौकोन तेवढे पाठवतो. ही चाल न्यूझीलंडमधल्या खेळाडूंनी पाडली. ते आपापल्या डावाचे रंग हाताने एकेक चौकोन टाकून पाठवायचे. ते वॉर्डलच्या पाहण्यात आलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याने खेळातच तशी सोय केली. उत्तर न फोडता डाव कसा झाला ते सांगण्याची ही युक्ती नसती तर हा खेळ इतका पसरला असता असं मला वाटत नाही.

तर एका रविवारी लेकीने, रोजच्या शब्दाव्यतिरिक्त, स्वतःच शब्द ठरवून मुद्दाम माझ्यासाठी एक कोडं घालून पाठवलं. माझा पहिला शब्द ठरलेला, रेझ. आय पिवळा, बाकी सगळे राखाडी. दुसरा शब्द मी टाकला 'लाइट'. एल राखाडी, पुढची चारही घरं हिरवीगार! दुसऱ्या डावात चार हिरवी. मी आईला मोबाइल दाखवला, तिनेही चष्मा वर करून कौतुकाने पाहिलं. आता फक्त पहिलं अक्षर बदलायचं. 'फाइट' टाकला. फ राखाडी. 'माइट' टाकला. राखाडी. 'टाइट'. राखाडी. आता एकच डाव उरला आणि शब्द दोन, 'नाइट' आणि जुन्या इंग्रजीतला, जीव किंवा माणूस या अर्थाचा, 'वाइट'. घाम फुटला. मी 'नाइट' टाकला आणि सुटलो. सहाव्या डावाला सुटलं की खेळ 'फ्यू' म्हणतो, हुश्श केल्यासारखं. त्या दिवशी ते पहिल्यांदा मला उद्देशून वाटलं.

लेकीचा फोन आला. "बाबा, तुम्ही हिरव्याला चिकटलात."

"मग काय करायला हवं होतं? चार अक्षरं मिळालेली सोडून द्यायची?"

"एका डावापुरती सोडायची. तिसरा शब्द 'विमेन' टाकायचा होता."

विमेन? त्यात आय नाही, जी नाही, एच नाही. बरोबर असण्याची शक्यताच शून्य. पण तिने हिशेब समजावला. लाइटनंतर उरले होते पाच शब्द, फाइट, माइट, टाइट, नाइट आणि वाइट. 'विमेन'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये डब्ल्यू, एम आणि एन ही तीन अक्षरं एकदमच तपासून होतात. डब्ल्यू रंगला तर वाइट, एम रंगला तर माइट, एन रंगला तर नाइट. एकही रंगला नाही तर उरले दोनच, फाइट किंवा टाइट. काहीही झालं तरी पाचव्या डावात सुटका. मी एका वेळी एक खडा उचलत होतो. तिने एका चिमटीत तीन उचलले असते. आणि मी एकेक उचलत होतो त्याचं कारण बुद्धी कमी पडली हे नव्हतं. हातात आलेली चार हिरवी घरं मला पुन्हा पुन्हा डोळ्यांनी बघायची होती.

तिचं म्हणणं तिच्या एकटीचं नाही, हे मी नंतर वाचलं. १९७० च्या दशकात मास्टरमाइंड नावाचा एक खेळ फार चालला होता. सहा रंगांच्या खुंट्या, चार भोकं, एकाने लपवून मांडायचं आणि दुसऱ्याने ओळखायचं. मांडण्या होतात १,२९६. डोनाल्ड क्नूथ या संगणकशास्त्रज्ञाने १९७७ साली दाखवून दिलं की कुठलीही मांडणी पाच डावांत हमखास ओळखता येते. त्याची रीत अशी की प्रत्येक वेळी असा प्रश्न टाकायचा, ज्याने सगळ्यात वाईट परिस्थितीतही उरलेला ढीग लहानात लहान राहील. मग तो प्रश्न स्वतः उत्तर असू शकत नसला तरी चालेल. २०२२ साली एमआयटीतल्या दिमित्रिस बर्त्सिमास आणि अ‍ॅलेक्स पास्कोव्ह यांनी वर्डलच्या २,३१५ शब्दांचा सगळा हिशेब संगणकाकडून करून घेतला. सर्वोत्तम पहिला शब्द निघाला 'सॅलेट'. जुन्या काळच्या सैनिकांचं हे एक शिरस्त्राण. त्याने सुरुवात केली आणि पुढेही गणिताप्रमाणे खेळलं तर सरासरी ३.४२१ डावांत उत्तर मिळतं. गंमत अशी की सॅलेट हा शब्द त्या उत्तरांच्या यादीत नाहीच. सगळ्यात चांगला पहिला शब्द तो, जो कधीच बरोबर ठरू शकत नाही.

मी हे वाक्य डायरीत लिहून ठेवलं. निवडण्याबरोबर टिपणंही हवंच.

खेळात एक 'हार्ड मोड' आहे. तो लावला की मिळालेली हिरवी-पिवळी अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात, विमेनसारखी पळवाट बंद. मला वाटतं आपल्यातले बरेच जण रोजच्या व्यवहारात कोणी न सांगताच हार्ड मोड लावून बसलेले असतात. एकदा चार गोष्टी जमल्या की पाचवीसाठी त्या चार थोड्या वेळ बाजूला ठेवायला मन धजत नाही. निम्म्याहून अधिक जमलेल्या गोष्टीतच माणूस जास्त अडकतो. कोरी पाटी असती तर त्याने खुशाल दुसरीकडून सुरुवात केली असती.

आणि 'नाही'ची किंमत तर आपल्याला नाहीच. दोन वर्षांपूर्वी आईच्या पोटात वरचेवर दुखायचं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून पाहिलं. एकेक रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टरांकडे जायचो आणि ते म्हणायचे, यात काही नाही. तिसऱ्या वेळी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी रिक्षा शोधत बोलून गेलो, "एवढे पैसे घातले आणि काही निघालं नाही." वाक्य तोंडातून गेल्यावर मला त्याचा अर्थ कळला. काही निघालं असतं तर पैसे वसूल झाले असते का? तीन भयंकर शक्यता तीन रिपोर्टांनी परातीबाहेर काढल्या होत्या आणि मी फुकट गेल्याचा हिशेब करत होतो. शेवटी दुखणं एका गोळीच्या त्रासाचं निघालं. ती बंद केली, दुखणं थांबलं. पण डॉक्टर त्या गोळीपर्यंत पोचले ते तीन राखाडी घरांवरून चालत.

खेळात आणि जगण्यात एक मोठा फरक मात्र आहे. खेळ रंग सांगताना खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, आणि आपण मराठी माणसं तर 'नाही' हा शब्द उच्चारायला फारच लाजतो. मुलीच्या स्थळासाठी फोन केला की पलीकडून 'कळवतो' येतं. नोकरीसाठी शब्द टाकला की 'बघू या' येतं. उसने पैसे मागितले की 'पुढच्या आठवड्यात बोलू'. हे सगळे राखाडी रंग आहेत, पिवळे करून दिलेले. समोरचा बिचारा त्या पिवळ्यावर पुढचे चार डाव रचतो. नाही म्हणायचं असेल तेव्हा वेळेवर आणि स्वच्छ 'नाही' म्हणणं हा मी हल्ली दुसऱ्यावर केलेला उपकार समजतो. त्याचा एक खडा आपण वेचून देतो.

कधी कधी तर काहीच न येणं हेच मोठं उत्तर असतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत, शिकागोजवळच्या लिंकनवुड गावात, एक ऐंशी वर्षांची बाई घरात एकटी होती. रात्री एक अनोळखी माणूस घरात शिरला आणि त्याने तिला तळघरातल्या न्हाणीघरात डांबून ठेवलं. दूर सिअ‍ॅटलला राहणाऱ्या तिच्या मुलीला त्या दिवशी एक गोष्ट खटकली. आई रोज न चुकता वर्डलचा डाव कळवते, आज कळवला नाही. आपला निरोपही आईने वाचलेला दिसत नाही. मुलीने पोलिसांना कळवलं. पोलीस घरी पोचले आणि त्यांनी त्या बाईला सुखरूप सोडवलं. आलेल्या निरोपांनी मुलीला रोज एवढंच सांगितलं होतं की आई ठीक आहे. न आलेल्या एका निरोपाने त्याहून फार जास्त सांगितलं.

ही हकिकत ऐकून आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी विचारते, "तिचे चौकोन आले का रे?" तिला त्या रंगांतलं काही कळत नाही. आले एवढं कळलं की ती पेन्सिल उचलते.

वर्डल खेळणाऱ्यांना माझा सल्ला विचाराल तर तो इतकाच. पहिला शब्द बरोबर येण्यासाठी टाकू नका, कळण्यासाठी टाका. चार हिरवी मिळाली आणि शक्यता अनेक उरल्या, तर हिरव्याचा मोह एका डावापुरता सोडा. उत्तर बघून खेळू नका, कारण चोरून बघितलेल्या उत्तरात निवडण्याचं काम होत नाही. आणि सहा डावांत सुटलं नाही तर मोबाइल खाली ठेवा. रात्री बाराला परात पुन्हा भरलेली असते.

आज पहाटे लेकीचे चौकोन आले. पहिली ओळ पाचही राखाडी. पूर्वी मी अशा वेळी 'अरेरे' लिहून पाठवायचो. आज लिहिलं, 'पाच खडे निघाले'. तिचं हसू आलं.

वाचकहो, दिवसाच्या सुरुवातीलाच काही चुकलं तर मनाला लावून घेऊ नका. दिसलेला खडा आजवर कोणाच्या दाताखाली आलेला नाही.